शेजारची सीट

एकोणीसशे सहासष्ट साली, थंडी सरत आली असताना, मिस्त्रींच्या धाकट्या मुलाने जेवताना जाहीर केलं की तो विमान बांधणार आहे. त्या घराला अशा घोषणांची सवय होती. त्याआधी त्याने होडी बांधायला घेतली होती, आणि तिच्या सांगाड्यावर पुढे कितीतरी वर्षं घरातले कपडे वाळत होते. त्यामुळे मिस्त्रींनी ताटातून मान वर केली नाही. धाकट्याच्या बायकोने मीठ पुढे सरकवलं. थोरलीने मात्र विचारलं, "किती जणांचं?"

"दोघांचं," तो म्हणाला. "मी आणि तू. शेजारी शेजारी."

तो सहज बोलून गेला असेल. बायको समोर बसली होती. पण तिला जिन्याच्या वरच्या पायरीवरसुद्धा गरगरायचं, तेव्हा तिचं नाव घेण्यात अर्थ नव्हता. आणि बहिणीला खूश ठेवल्याशिवाय विमान काय, विमानाची शेपटीसुद्धा होणार नाही, हे त्याला ठाऊक होतं. थोरलीने मात्र ते वाक्य उचललं आणि जपून ठेवलं.

थोरली म्हणजे मिस्त्रींची मोठी मुलगी. वय चौतीस, लग्न झालेलं नाही, हाताची बोटं कानशीने घासून घासून पुरुषासारखी जाड झालेली. घराचं मागचं दार उघडलं की थेट कारखाना लागायचा. तिथे डाय तयार होत. पत्रा वाकवायचा तर त्याला वरून दाबणारा पंच लागतो आणि खालून झेलणारा डाय. कपाटाचं दार असो, डब्याचं झाकण असो, सायकलचा मडगार्ड असो, जगात जे जे पत्र्याचं आहे त्याचं उलटं रूप आधी कुणीतरी पोलादात कोरलेलं असतं. मिस्त्रींचं घर त्या उलट्या रूपांवर जगत होतं.

आई गेली तेव्हा थोरली शाळा सोडून कामाला उभी राहिली. सुरुवातीला नुसती झाडलोट, मग कानस, मग लेथ. पुढे मिस्त्रींचा हात थरथरायला लागला, आणि नाव त्यांचं, काम हिचं, असं आपोआप होत गेलं. गिऱ्हाईक आलं की मिस्त्री तयार डायवरून अंगठा फिरवत म्हणायचे, "अजून हात गेला नाही माझा." थोरली पाठमोरी उभी राहून लेथवरचा पोलादाचा कीस झाडत असायची. तिला त्याचं फारसं काही वाटत नसे. वाटायचं ते एवढंच, की कामाच्या टेबलासमोरच्या खिडकीतून पलीकडच्या भिंतीशिवाय काही दिसत नाही. वीस वर्षं ती त्या भिंतीकडे बघत होती. तिचा पोपडा कुठे निघालाय आणि पुढचा कुठे निघेल, हे ती डोळे मिटून सांगू शकली असती.

विमान म्हटल्यावर तिला देशोदेशी जायची स्वप्नं पडली नाहीत. तिला वरून आपलं छप्पर बघायचं होतं. ते बघून काय करणार, असं कुणी विचारलं असतं तर तिला सांगता आलं नसतं.

धाकटा कपाटांच्या कारखान्यात ड्राफ्ट्समन होता. हात सुंदर. त्याने मोठ्या कागदावर विमान काढलं. वरून, बाजूने, समोरून. समोरच्या चित्रात काचेमागे दोन डोकी होती, आणि त्यातल्या एका डोक्याला त्याने गमतीने अंबाडा काढला होता. तो कागद त्याने कारखान्यात लेथच्या वर चार खिळे मारून लावला. मिस्त्री त्याला "आमचे पायलटसाहेब" म्हणायला लागले, ते तिरकसच. पण मागची शेड रिकामी करून दिली, हेही खरं.

पहिले दोन महिने नुसते पत्रे तडकण्यात गेले. मिस्त्रींच्या कारखान्याची ख्याती होती ती धारदार कोपऱ्याची. त्यांचा पंच टोकाला सुरीसारखा असायचा. कपाटाच्या पत्र्याला त्याने घडी मारली की इस्त्रीची घडी वाटावी. तोच पंच त्यांनी विमानाच्या ॲल्युमिनियमला लावला. पत्रा वाकला, छान दिसला, आणि थोरलीने उन्हात धरला तर वळणाच्या बाहेरच्या अंगाला केसासारखी रेघ. दुसरा पत्रा, तीच रेघ. मिस्त्री म्हणाले माल भिकार आहे. धाकटा म्हणाला, माल कडक आहे, त्याला गोल वळण हवं, पुस्तकात तसं दिलंय. दोघांची खडाजंगी झाली आणि थोरलीने मुकाट्याने पंचाचं नाक घासून गोल केलं. मिस्त्री दोन दिवस तिच्याशी बोलले नाहीत. आयुष्यभर जे टोक धार लावून टिकवलं ते पोटच्या पोरीने बोथट केलं, असं त्यांना झालं होतं. पण नवा पत्रा तडकला नाही.

मग ती त्यात बुडालीच. हा पत्रा वाकवला की थोडा उलट उघडायचा, म्हणून डाय मापापेक्षा जरा जास्त मिटलेला करायचा. किती जास्त, ते तिच्या हाताला हळूहळू कळत गेलं. पंखाच्या फासळ्यांसाठी धाकट्याने लाकडी ठोकळे सुचवले होते. एकच तर विमान करायचंय, लाकूड पुरलं असतं. पण त्या घरात लाकडाला डाय म्हणत नसत. थोरलीने फासळ्यांचे डायही पोलादातच केले, रात्रंदिवस खपून, आणि भट्टीवाल्याकडून त्यांना पाणी देऊन आणलं.

हा भट्टीवाला गल्लीच्या टोकाला राहायचा. मऊ पोलाद तापवून तेलात बुडवायचं आणि कडक करायचं हा त्याचा धंदा. बायको जाऊन काही वर्षं झाली होती. भुवया भट्टीत कायमच्या जळलेल्या, त्यामुळे चेहऱ्यावर सदा थोडं आश्चर्य. एका संध्याकाळी गरम डाय फडक्यात गुंडाळून देता देता तो म्हणाला, "जन्मभर सगळ्यांचं सगळं कडक करत आलो. घरात एखादं मऊ माणूस असावं असं वाटतं हल्ली."

"मग मऊ बघा की कुणीतरी," थोरली म्हणाली.

"तुमच्याशिवाय दुसरं कुणी डोळ्यांपुढे येत नाही."

ती हसली. फार दिवसांनी अशी हसली असेल. मग म्हणाली, आधी विमान होऊ दे. तो म्हणाला, होऊ दे. घाई कुणाला आहे?

रविवारी धाकटा शहराबाहेरच्या फ्लाइंग क्लबात शिकायला जायचा. दोघांपैकी एकाला तरी चालवता यायला हवं, आणि तो वेळ थोरलीनेच त्याला काढून दिला. त्याच्या वाटणीचे पत्रेही रविवारी तीच वाकवायची. संध्याकाळी तो नाक लाल करून परत यायचा, हाताने वळणं काढून दाखवायचा. ती विचारायची, वरून घरं केवढी दिसतात? तो म्हणायचा, काडेपेटीएवढी. पुढच्या रविवारी ती परत तेच विचारायची.

दुसऱ्या वर्षी इंजिनाचा प्रश्न आला. धाकट्याने ज्याच्यावर भिस्त ठेवली होती ते मिळेना. शेवटी एका छोट्या मोटारीचं जुनं इंजिन मिळालं. ते शेडमध्ये उतरवलं त्या दिवशी धाकटा त्याच्याभोवती नुसता फिरत राहिला. जेवला नाही. थोरलीला वाटलं, दमला असेल.

त्यानंतर तो तिला सुटे कागद आणून द्यायला लागला. एका कागदावर एक भाग. हा कोन, ही पट्टी, ही चौकट. कुठला भाग कुठे बसणार ते काही लिहिलेलं नसायचं. आणि थोरलीने विचारलं नाही.

तिने का विचारलं नाही, हे त्या घरचा धंदा माहीत असल्याशिवाय कळायचं नाही. डाय करणाऱ्याने वस्तू विचारायची नाही, असा तिथला शिरस्ता होता. दोन कारखानदार एकमेकांच्या उरावर बसलेले असायचे आणि दोघांचं काम एकाच मिस्त्रीकडे यायचं; नव्या मालाचा वास दुसऱ्याला लागू नये म्हणून ते भाग सुटे करून पाठवत. डायवाल्याने माप बघावं, पोलाद बघावं, तोंड बंद ठेवावं. मिस्त्रींनी एकदा वर्षभर एका वाकड्या पत्र्याचे डाय केले होते आणि तो काय आहे हे त्यांना कळलं ते न्हाव्याच्या दुकानात, नव्या खुर्चीत बसून त्याच्यावरच पाय ठेवल्यावर. ही गोष्ट ते अभिमानाने सांगत. लहानपणापासून थोरलीने तेच ऐकलं, तेच केलं. सुटा कागद हातात आला की तिचं डोकं आपोआप मापाकडे जाई. भाऊसुद्धा गिऱ्हाइकासारखा वागू शकतो हे तिच्या मनातही आलं नाही. शिवाय भिंतीवर तो मोठा कागद होताच, दोन डोक्यांचा. त्याच्याखाली उभं राहून ती ते भाग करत होती.

तिसऱ्या वर्षी उन्हाळा संपत असताना त्याने सीटखालच्या आडव्या चौकटीचा कागद दिला. सांगाड्यातला शेवटचा मोठा भाग तोच होता. थोरलीने माप वाचलं आणि पोलादाच्या ठोकळ्यावर रेघा ओढायला घेतल्या. ठोकळा तिने आधीच कापून ठेवला होता, दोन माणसांच्या रुंदीचा. कागदावरचं वळण ठोकळ्याच्या अर्ध्यातच संपलं.

तिला वाटलं, आपलंच काहीतरी चुकतंय. तिने परत मापलं. मग कागद घेऊन शेडमध्ये गेली आणि शेपटीच्या सांगाड्याचं पुढचं तोंड मापलं. शेपटी मागे निमुळतीच असते, म्हणून तिचे भाग करताना तिला काही वावगं वाटलं नव्हतं. आता बघितलं तर त्या तोंडाला ही अरुंद चौकट तंतोतंत बसत होती. शेपटी होऊन वर्ष होत आलं होतं. म्हणजे वर्षभर तो रोज भिंतीवरच्या त्या कागदाखालून जा-ये करत होता, तिच्याशी चहा पीत होता, आणि वरून घरं काडेपेटीएवढी दिसतात म्हणून सांगत होता.

संध्याकाळी तो कामावरून आला तेव्हा ती ठोकळ्यापाशीच बसली होती. मिस्त्री कोपऱ्यात खुर्चीवर. भावजय चहा घेऊन आलेली.

"हे एका माणसाचं आहे," थोरली म्हणाली.

धाकट्याने टोपी काढली, परत घातली. मग बोलायला लागला तो थांबेना. इंजिन लहान. दोघं बसली तर धावपट्टी संपेपर्यंत चाकं जमीन सोडणार नाहीत, आणि सोडली तर पुढची झाडं आहेत. त्याने पंख वाढवून बघितला, टाकी लहान करून बघितली, कशानेच जमेना. सांगणार होता तो. योग्य वेळ बघत होता.

"झाडं आहेत हे मला कळतं," थोरली म्हणाली. "मला तू हे मागच्या वर्षी का नाही सांगितलंस?"

"तू काम सोडलं असतंस."

हे तो अगदी सरळ बोलला. भावजयीने कपबशी खाली ठेवली आणि नवऱ्याकडे अशी बघायला लागली, जणू भाजी निवडताना आत काहीतरी वळवळलं.

मिस्त्रींनी घसा खाकरला. त्यांचं म्हणणं असं की विमानात बाईमाणसाने बसून करायचं काय, आणि एवढ्यातेवढ्यावरून घरात तोंडं फिरवायची म्हणजे पोरखेळ झाला. काम हातात घेतलं की पुरं करायचं. गिऱ्हाईक कसंही असो.

"गिऱ्हाईक," थोरली म्हणाली. एवढंच.

"वन्सं, तुम्ही करूच नका," भावजय एकदम म्हणाली. "बसू दे त्यांना होडीसारखं याच्यावरही कपडे वाळत घालत."

धाकट्याच्या नाकाला मिरच्या झोंबल्या. बाहेर काय थोडे डायवाले आहेत, तो उसळून म्हणाला, कुणीही करून देईल. देईलही कुणी, आणि टोक सुरीसारखं ठेवून देईल, हे थोरलीच्या डोळ्यांपुढे आलं. पंखाच्या, शेपटीच्या एवढ्या वळणांत कुठे केसाएवढा तडा नाही, आणि मधोमध, सीटखाली, कुणा दुसऱ्याच्या हातची रेघ. ते तिला बघवलं नसतं. तिने एकच अट घातली. उडणं जाऊ दे. ज्या दिवशी विमान मैदानावर जाईल त्या दिवशी तिला त्यात एकटीला बसवायचं, इंजिन चालू करून, आणि धावपट्टीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जमिनीवरूनच चालवू द्यायचं. कसं ते त्याने शिकवायचं.

"शपथ," धाकटा म्हणाला. गहिवरून आलं होतं त्याला. त्याने तिचा हातही धरला.

तिने तो डाय केला. तिच्या हातून झालेल्या सगळ्या डायमध्ये तो उत्तम होता असं भट्टीवाला पुढे म्हणत असे. शिकवायचं मात्र राहूनच गेलं. आज तपासणी अधिकारी येणार, उद्या रंग द्यायचा, परवा पंख न्यायला ट्रक मिळत नाही. ती आठवण करून द्यायची. तो म्हणायचा, अगं त्यात काय आहे, पाच मिनिटांचं काम, मैदानावरच सांगतो.

मैदानावर गर्दी होती. धाकट्याच्या कारखान्याचे मालक मोटारीतून आले होते, फोटोग्राफर बरोबर घेऊन. क्लबच्या लोकांनी खुर्च्या मांडल्या होत्या. मिस्त्री कोट घालून पहिल्या रांगेत बसले होते आणि शेजारच्या अनोळखी माणसाला, अजून हात गेला नाही, असं सांगत होते. भट्टीवाला आपल्या बिनभुवयांच्या चेहऱ्याने सगळीकडे बघत हिंडत होता. थोरलीने पेट्रोलचा डबा धरला होता, कारण कुणीतरी तो धरायला हवा होता.

विमान सुंदर दिसत होतं. पांढरं, छोटं, पंख जरा वर उचललेले. मालकांनी त्याच्याभोवती फेरी मारली, पत्र्यावर टकटक केलं आणि म्हणाले, आत बसून बघू का जरा? धाकट्याने हात देऊन त्यांना चढवलं. मालक बसले. फोटो झाला. मालकांनी टोपी उलटी घालून अजून एक फोटो काढून घेतला. थोरली डबा धरून उभी होती. तिने मनाशी म्हटलं, मालक आहेत, त्यांना कसं नाही म्हणणार.

मग धाकटा उडाला. झाडांवरून गेला, मैदानाभोवती मोठं वळण घेतलं आणि एक उसळी घेऊन खाली टेकला. लोक धावत सुटले. त्याला खांद्यावर घेतलं. मिस्त्री रडत होते. थोरलीचेही डोळे भरून आले होते, खोटं कशाला सांगायचं. ज्या फासळ्यांवरून तिने बोटं फिरवली होती त्या वर गेल्या होत्या आणि एकही न मोडता खाली आल्या होत्या. गर्दी जरा ओसरल्यावर तिने डबा खाली ठेवला, हात पुसले आणि विमानापाशी गेली.

"आता मी," ती म्हणाली.

धाकटा मालकांशी बोलत होता. त्याने वळून बघितलं. भोवती क्लबची माणसं होती, फोटोग्राफर होता. त्याच्या चेहऱ्यावर मघाचंच हसू होतं, ते त्याने तसंच ठेवलं.

"ताई, ब्रेक कुठे असतो ते तरी माहीत आहे का तुला?"

लोक हसले. वाईट हसले असंही नाही. आनंदात होते, कशालाही हसले असते.

"माहीत आहे," थोरली म्हणाली. "त्याचं पेडल मीच वाकवलंय."

यावर जास्तच हसले. मालक म्हणाले, वा, बहीण भावाहून खट. कुणीतरी तिच्यासाठी खुर्ची आणली. धाकटा तिच्या कानाशी येऊन पुटपुटला की आज नको, लोकांसमोर काही झालं तर सगळ्यावर पाणी पडेल, पुढच्या रविवारी, फक्त आपण दोघं. मालकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि ते दोघं मोटारीकडे चालायला लागले.

ती खुर्चीवर बसली नाही. भट्टीवाल्याने विचारलं, घरी सोडू का? ती म्हणाली, नको, चालत जाते. तो बरोबर चालायला लागला तर तिने त्यालाही नको म्हटलं, आणि ज्या सुरात म्हटलं तो ऐकून त्याने परत विचारलं नाही.

पुढचा रविवार आला नाही. म्हणजे रविवार आले आणि गेले. धाकटा मैदानावर जायचा, मालकांबरोबर. थोरलीने आठवण करून दिली नाही.

कारखान्यात पोलाद कधी वाया घालवत नसत. कामाचा डाय गिऱ्हाईक घेऊन जाई. न नेलेला डाय फळीवर पडून राही, आणि नव्या कामाला त्या मापाचा ठोकळा लागला की भट्टीवाल्याकडून मऊ करून आणायचा, वरचं रूप तासून टाकायचं आणि त्याच पोलादात दुसरं कोरायचं. मिस्त्री तसंच करत आले होते. त्या हिवाळ्यात झाकणांचं मोठं काम आलं. थोरलीने फळीवरून फासळ्यांचे डाय काढले. भट्टीवाल्याने ते उलटसुलट करून बघितले आणि विचारलं, हे मऊ करू? नक्की?

"पडून आहेत," ती म्हणाली. "कुणी न्यायला आलं नाही."

फासळ्यांचे डाय लेथवर आणि पोलाद तासायच्या शेपरवर गेले. कीस निळसर निघाला. मग शेपटीचे गेले, मग सीटखालच्या चौकटीचा. तो तासताना तिला सगळ्यात जास्त वेळ लागला. हात मध्येच थांबायचा. गोल नाकाचा पंच तिने शेवटी घेतला आणि त्याला परत सुरीसारखी धार लावली. मिस्त्रींनी अंगठा फिरवून बघितला आणि आता कसं, म्हणाले. भिंतीवरचा कागद मात्र तिने काढला नाही. तो कडेने पिवळा पडत गेला.

पाखरं घरटी करायच्या दिवसांत धाकटा धावत धावत कारखान्यात आला. मालक तयार झाले होते. त्यांना अशी दहा विमानं करायची होती, क्लबांना विकायला. परवानगीचं ते बघणार, नवं इंजिन तेच आणणार, मोठं. धाकट्याला धाप लागली होती. डिझाईन त्याचं, डाय तर तयारच आहेत, मालकांना तो सांगून आला होता की दोन महिन्यांत पहिलं उभं करतो.

"कुठले डाय?" थोरली म्हणाली.

त्याने फळीकडे बघितलं. मग तिच्या समोर पडलेल्या झाकणांच्या डायकडे. त्याला समजायला वेळ लागला, आणि समजल्यावर तो जमिनीवरच बसला.

"ताई," तो म्हणाला, "इंजिन मोठं आहे. दोघांचं होणार होतं हे. माझ्या मागे तुझी सीट बसत होती त्यात."

थोरलीने त्याच्याकडे बघितलं. खरं असेल. नसेलही. बसल्या जागी सुचलं असेल, कारण अशा वेळी त्याला नेहमी सुचायचं. तीन वर्षांपूर्वी तिने हेच वाक्य उचलून जपून ठेवलं होतं. आता ते तिच्या पुढ्यात पडलं होतं आणि उचलायला तिच्याकडे हात नव्हता.

"आधी यायचंस," ती म्हणाली. "गिऱ्हाइकाने आपला माल घेऊन जायचा असतो."

"परत कर ना. तुला येतं सगळं. तुझ्या हातात आहे ते."

"नाही करणार."

तो रडला, ओरडला, मिस्त्रींना मध्ये घातलं. मिस्त्रींनी हुकूम सोडला. तिने कानस खाली ठेवली आणि म्हणाली, तुमचा हात अजून गेला नाही ना, बाबा? मग तुम्ही करा. त्या घरात ती गोष्ट कुणी कधी बोललं नव्हतं. मिस्त्रींनी आपल्या थरथरणाऱ्या हाताकडे बघितलं आणि तो मांडीखाली घेतला.

दुसऱ्या डायवाल्याकडून काम करून घ्यायचा धाकट्याने प्रयत्न केला. वळणं तडकली. वर्षभर वाट बघून मालकांनी नाद सोडला.

मिस्त्री त्यानंतर कारखान्यात फारसे आले नाहीत. दोन हिवाळ्यांनंतर गेले. मालकांनी पुढे प्लास्टिकच्या खुर्च्या काढल्या आणि त्यात बक्कळ पैसा केला. टोपी उलटी घातलेला फोटो त्यांच्या ऑफिसात शेवटपर्यंत होता. भट्टीवाल्याने अजून एकदा विचारलं. थोरली म्हणाली, तुम्हाला मऊ माणूस हवं होतं. त्याने दुसऱ्या गावच्या एका विधवेशी लग्न केलं, भट्टी विकली, आणि सुखात राहिला असं ऐकिवात आहे. धाकटा निवृत्त होईपर्यंत कपाटांची चित्रं काढत राहिला. भाऊ-बहीण एकाच घरात राहिली, एकाच टेबलावर जेवली, पण एकमेकांशी बोलली ती भावजयीच्या मार्फत. तुमच्या बहिणीला सांगा, तुझ्या नवऱ्याला सांग, असा निरोप्याचा धंदा तिने जन्मभर केला. आणि नवरा गेल्यावर ती आपल्या वन्संपाशीच राहिली, दोघी एकमेकींना गोळ्यांची आठवण करून द्यायच्या. धाकट्याच्या मुलीने एकदा आत्याला मोठ्या विमानाचं तिकीट काढून देते म्हटलं. आत्या म्हणाली, एवढ्या वरून छप्पर कुठे दिसणार?

विमान क्लबाच्या शेडमध्ये पंख काढून पडलं होतं. शेड पाडली तेव्हा ते भंगारात गेलं. त्यातल्या दोन फासळ्या घेऊन भंगारवाला थोरलीच्या कारखान्यात आला, ॲल्युमिनियम घेता का विचारायला. तिने एक फासळी हातात घेतली, उन्हाकडे धरली, वळणावरून बोट नेलं. कुठे रेघ नव्हती.

"नको," ती म्हणाली. "इथे फक्त पोलाद लागतं."